सोबतची एक व्यक्ती

तारीख ३, मंगळवार

वरचा १५२, खालचा ९४.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, आजी, रोज सकाळी बीपीचं मशीन लावा, दोन आकडे लिहा, महिन्याने वही घेऊन या. पण पान एवढं मोठं आणि आकडे दोनच. बाकीचं पान कोरं सोडायला माझा हात धजत नाही. शाळा चौथीत सुटली, जोडाक्षर आलं की पेन अजून अडखळतं, पण एकदा सुरू झाले की थांबत नाही, तोंडासारखंच. नर्सबाईंना आकडे दाखवीन आणि बाकीच्यावर हात ठेवीन.

आणि आजी म्हणाल्या मला! मी म्हटलं, अजून दोन महिने आहेत. म्हणाल्या, मग काय झालं, सवय करा. मी बस सोडून घरापर्यंत चालत आले. बसमध्ये मला बसवलंच नसतं.

सूनबाईला सातवा संपत आला. आज तिने प्रसूतीच्या दवाखान्यातून अर्ज आणला, चांगला पाच पानी. त्यात एक ओळ आहे, ‘प्रसूतीच्या वेळी सोबतची व्यक्ती (फक्त एक)’ आणि पुढे रिकामी जागा. टिल्लू म्हणाला, “त्यात काय विचार करायचा? आई आहेच की.” टिल्लू म्हणजे माझा मुलगा. सहा फूट उंच आहे, लिफ्ट दुरुस्त करतो, पण लहानपणी जे नाव पडलं ते पडलं. सूनबाईने पानं जुळवली. अर्जाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मुलगी टापटिपीची आहे. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, बारकाईचं काम.

मला मात्र तेव्हापासून एका जागी बसवत नाही. सव्वीस वर्षं मी मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत काढली, तळघरात. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या चादरींना हिरवा काठ असायचा. लिफ्टने खाली यायच्या, लिफ्टने वर जायच्या. किती हजार धुतल्या, इस्त्री केल्या, पण वर त्या खोलीत काय होतं ते कधी डोळ्यांनी बघितलं नाही. माझं स्वतःचं झालं तेव्हा मी बघायच्या स्थितीत नव्हते. आता चादरीमागोमाग मीही वर जाणार.

खाली शिवणवालीला जाऊन सांगितलं, “अगं, मी आत जाणार!” ती म्हणाली, “काय केलंस एवढं?”

तारीख ६, शुक्रवार

वरचा १५८, खालचा ९४. आनंदाने वाढतो का ते विचारायला पाहिजे.

सकाळी मी भांडी घासत होते, पाठ दोघांकडे. चहा चालला होता त्यांचा. सूनबाई हळू काहीतरी म्हणाली आणि टिल्लू म्हणाला, “बरं बाई, आपण आठवडाभर जाऊन येऊ. बाळ आल्यावर कुठलं जमतंय?” मी हात पुसत वळले आणि म्हटलं, “मी काय काय घेऊ बरोबर?”

टिल्लूने कप तोंडाला लावला. तो रिकामा होता, मला दिसत होतं. सूनबाई त्याच्याकडे बघत राहिली. डोळे तपासणारीची नजर ती, एकदा लावली की हलत नाही. मग टिल्लू म्हणाला, “स्वेटर घे आई. तळ्याकाठी गार असतं.” आणि डोक्यावरचं पोतं उतरवल्यासारखा सुस्कारा टाकला. मुलगा असावा तर असा. बायको पोटुशी आहे तरी आईला विसरला नाही.

शिवणवालीचं मात्र भलतंच. “नवराबायकोत तू कशाला गं?” मी म्हटलं, “‘आम्ही जाऊन येतो’ म्हणाला असता तर मी समजले असते. ‘आपण’ म्हणाला. मी या कानांनी ऐकलं.” तिने दोरा दातांत धरला आणि म्हणाली, “बरं.” दोरा दातांत असला की तिचं खरं-खोटं कळत नाही.

तारीख ९, सोमवार

मशीन घरीच राहिलं. मुद्दाम नाही विसरले. स्वेटर दोन घेतले त्यात जागा गेली.

टिल्लूच्या कामाची गाडी आहे, मागे सगळे पाने आणि दोर, पुढे तीन माणसं बसतात. सूनबाईला खिडकी लागते, टिल्लूला गाडी चालवायची, म्हणून मी मध्ये. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागत होता पण मी तक्रार केली नाही. मध्ये बसल्याचा फायदा असा की माझं बोलणं दोघांना सारखं ऐकू जातं. चार तास मी गाडीत शांतता पडू दिली नाही.

वाटेत एकदा सूनबाई म्हणाली, “अरे, जरा थांबव ना. दोघं थोडं चालू या.” टिल्लूने थांबवली आणि म्हणाला, “आई, जा हिच्याबरोबर, तुझेही पाय मोकळे होतील. मी हवा बघतो टायरची.” मग आम्ही दोघी चाललो. मी तिला लाँड्रीतल्या वाफेच्या नळाची गोष्ट सांगितली. ती सारखी मागे वळून बघत होती. गाडीची काळजी असणार. परत आलो तर तो दुसऱ्यांदा तेच टायर बघत होता.

तारीख १०, मंगळवार

घर सुंदर आहे. आत एक मोठी खोली, पलंग एवढा की चौघं झोपतील, समोरच्या खिडकीत तळं. बाहेर छोटी खोली आणि लांब व्हरांडा. मालकीणबाई शेजारीच राहतात. मला बघून म्हणाल्या, “अरे, तिघं आहात होय?” आणि एक घडीचा पलंग पाठवला. मी तो बाहेरच्या खोलीत माझ्यासाठी उघडत होते तर टिल्लूने काढून घेतला. “तुझी कंबर दुखेल. तू आत झोप हिच्याशेजारी, मी बाहेर झोपतो.” एवढा जीव लावणारा मुलगा. सूनबाई खिडकीपाशी उभी होती. म्हणाली, “छान.” एवढंच.

पण खरं लिहायचं तर विश्रांती हे काम मला जमत नाही. तळं बघायचं म्हणजे काय करायचं? दहा मिनिटांत बघून झालं. चादरींचे कोपरे कसेही खोचले होते ते सगळे काढून परत खोचले, कपाटातल्यासुद्धा. सूनबाई पोटावर हात ठेवून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालते. टिल्लूने सकाळपासून दाराची बिजागरी, गळका नळ आणि मालकीणबाईंचा पाण्याचा पंप एवढं उघडलं. आलोय विश्रांतीला आणि तिघांपैकी कोणी बूड टेकत नाही.

दुपारी सूनबाई म्हणाली, “होडीतून जाऊन येऊ ना रे.” टिल्लू म्हणाला, “आई एकटी कशी राहील?” मी म्हटलं, “एकटी का राहीन? मी येते की!” तिघं गेलो. होडीवाला म्हणाला, वजन सारखं पडायला हवं, आजी, तुम्ही मध्ये बसा. परत मीच मध्ये. होडीवाल्याने आपणहून आजी म्हटलं हे लिहून ठेवते.

तारीख ११, बुधवार

सूनबाई आज माझ्याशी भरभरून बोलली. म्हणजे बोलले मीच, पण विचारलं तिने.

आम्ही दोरीवरचे कपडे काढत होतो. टिल्लू पंपाखाली होता, नुसते पाय दिसत होते. ती म्हणाली, “अहो आई, ह्याच्या वेळेला तुमच्याबरोबर कोण होतं?”

मी म्हटलं, “कोण असणार? पुरुषांना तेव्हा व्हरांड्याच्या पुढे येऊ देत नसत. पण ह्याचे बाबा ऐकतात होय, दाराला चिकटून उभे. फरशी धुवायला सोपं जावं म्हणून दार खालून चार बोटं कापलेलं होतं. त्या फटीतून त्यांच्या चपला दिसायच्या. एकीचा अंगठा तुटलेला, तारेने बांधलेला. मी आख्खा वेळ ती तार बघत होते. कळ आली की चपला दाराजवळ यायच्या, ओसरली की लांब जायच्या. एकदा बघते तर चपला गायब! मी नर्सला म्हटलं, बाई, मी आता काही करणार नाही. आधी चपला आणा.”

मला आठवून एवढं हसू आलं की चिमटे हातातून सांडले. ती हसली नाही. म्हणाली, “कुठे गेले होते ते?”

“पाणी प्यायला गं! आले आणि मग झाला हा.”

तिने टॉवेलमध्ये तोंड लपवलं. सातव्यात डोळे भरतातच, मला तर दूध उतू गेलं तरी रडू यायचं. मी पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, “घाबरायचं नाही. मी असणार आहे ना आत तुझ्याजवळ.” तर आणखीच रडायला लागली. माया आहे पोरीची माझ्यावर.

तारीख १२, गुरुवार

आज लिहायला जड जातंय. पण दुसरं काय करू?

सकाळी मालकीणबाईंना त्यांच्याच चादरी इस्त्री करून परत द्यायला गेले. त्या हसायला लागल्या. “आजी, तुम्ही पाहुण्या की कामाला आलात?” मी म्हटलं, मला रिकामं बसवत नाही. त्या म्हणाल्या, “तुमच्या सुनेला मात्र बसायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी फोन केला तिने. म्हणाली, दोघंच आहोत, चहासुद्धा आणून देऊ नका, आम्हाला जरा निवांत बोलायचंय. मग तुम्ही तिघं उतरलात, मला वाटलं बेत बदलला असेल.”

मी तिथेच पायरीवर बसले. 

आपण. मी तो शब्द ओढून माझ्यापर्यंत आणला. ‘आपण’ हा शब्द दोघांतही बसतो की. तो आणि ती, आपण. मी पाठमोरी होते. मला कोणी विचारलंच नव्हतं.

मग खोलीत येऊन ही वही मागून पुढे वाचली. गाडीत मध्ये मी. पलंगावर मी. होडीत मी. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आणि लिहिताना दिसलं नाही एक. त्या कपड्यांच्या दोरीपाशी ती मला माझी गोष्ट विचारत नव्हती. तिला कोण हवंय ते सांगत होती, आणि मी खिदळत होते.

आणि टिल्लू? तो नाही म्हणू शकत होता ना? ‘आई, आम्ही दोघंच’ म्हणायला किती वेळ लागतो? म्हणाला नाही. स्वेटर घे म्हणाला. मला वाटलं माया. तो माझ्यामागे लपला होता, सहा फुटांचा मुलगा.

सरळ पंपापाशी गेले. “टिल्लू, बाहेर ये.”

“आई, वॉशर बसवतोय.”

“खड्ड्यात गेला वॉशर. ये म्हटलं ना.”

आला. तोंडाला ग्रीस. मी म्हटलं, “अर्जात माझं नाव कशाला रे घालतोस?”

“तुला हौस आहे ना.”

“मला आहेच. मी तुझं विचारते.”

बराच वेळ पाना या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, “मला नाही जमणार आई. ती ओरडणार आणि मी तिथे काय उघडू, काय बसवू? नुसतं उभं राहायचं? मला नुसतं उभं राहता येत नाही.”

हे माझंच रक्त, मी काय बोलणार. तरी म्हटलं, “लिफ्टमध्ये माणूस अडकला, सुटायला तास लागणार असला, तर काय करतोस?”

“बाहेरून बोलत राहतो. मी इथेच आहे, दोर घट्ट आहे, घाबरू नका.”

“दोर बघितलेला असतो?”

“कधी कधी नसतो,” असं म्हणून तो जरासा हसला.

“मग तेच कर. तिला तेवढंच हवंय. मी आत येणार नाही.”

“अगं, तू सगळ्या बिल्डिंगला सांगितलंयस.”

“सांगितलं. आता उलटं सांगेन. तोंड माझंच आहे.”

बोलले खरी ठसक्यात. पण वळले ती तळ्यापर्यंत चालतच गेले. मला आत जायचं होतं. फार जायचं होतं.

तारीख १३, शुक्रवार

दुपारच्या बसने घरी आले. त्यांची खोली रविवारपर्यंत आहे.

सकाळी जाहीर केलं की शिवणवालीला बरं नाही, तिचा फोन आला. सूनबाई म्हणाली, “फोन वाजला तर नाही.” मी म्हटलं, “आवाज बारीक ठेवलाय.” ती माझ्याकडे बघत राहिली, तीच ती नजर, पुढची ओळ वाचता येते का असं विचारल्यासारखी. मी दुसरीकडे बघितलं. राहा ना, असं काही ती म्हणाली नाही. खरं लिहायचं तर मी पिशवी भरताना जरा हळूच भरत होते. पण तिने माझा डबा भरला, पाण्याची बाटली दिली आणि एकदम माझा हात घट्ट धरला. 

दोघं स्टॉपपर्यंत आले. मी बसमध्ये चढले, खिडकी मिळाली. बस सुटायच्या आधीच बाहेर यांचं सुरू झालं! सूनबाई बोट त्याच्या छातीवर टेकवून टेकवून बोलत होती, तो दोन्ही हात हलवत होता. काच बंद, शब्द ऐकू येईना. एवढ्या दिवसांत माझ्यासमोर दोघांचा आवाज चढला नव्हता. मला वाटायचं किती गुण्यागोविंदाने राहतात. मी उठले. दोघांच्या मध्ये पडायची सवय लागलेली.

कंडक्टर म्हणाला, “आजी, उतरायचंय?”

“नाही.” बसले. बस हलली तशी परत उठले.

“आजी, एकदा काय ते ठरवा.”

ठरवलं. पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्याखाली दाबून ठेवले. वळणावरून मागे दिसलं, अजून भांडतच होते, तळ्याच्या बाजूला चालत चालत. चालत होते बरोबरच.

तारीख १५, रविवार

काल काही लिहिलं नाही. काल फोन आला नाही. कपाट आवरलं, मग परत पसरलं आणि परत आवरलं.

आज अकराला टिल्लूचा आला. “आई, अर्ज भरला. माझं नाव लिहिलं.”

“बरं झालं,” म्हटलं. “छान झालं.” आणि फोन ठेवल्यावर मला एवढा राग आला की सांगता सोय नाही. स्वतः सोडलं, स्वतः समजावलं, तरी राग. कोणाचा राग तेही कळेना. दोन तास मी कोणाशी बोलले नाही. घरात कोणी नव्हतं तो भाग वेगळा.

मग खाली जाऊन शिवणवालीला सांगितलं, मी नाही जाणार आत, तो जाणार. तिने मशीन थांबवलं. “आणि तू?” “मी बाहेर.” “तुला चालेल?” मी म्हटलं, “नाही.” तिने मला चहा दिला. मैत्रीण आहे चांगली.

वर आले तर फोन वाजत होता. सूनबाई. एकदम भांडायच्याच आवाजात. “अहो आई, शिवणवाल्या मावशी ठणठणीत आहेत. मी फोन केला होता त्यांना काल. एवढं खोटं बोलतात का कोणी?” मी म्हटलं, चुकलं. “आणि न सांगता सगळं ठरवून मोकळ्या झालात. दोन दिवस मी ह्याच्याशी भांडतेय आणि शाबासकी कोणाला द्यायची, तर तुम्हाला!” लग्नाला चार वर्षं झाली, ही पोर माझ्यावर कधी ओरडली नव्हती. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. संपू नये असं वाटत होतं.

मग तिचा आवाज जरा खाली आला. “पण आई, तो आत येऊन करणार काय? त्याला शून्य माहिती आहे. तुम्ही त्याला नीट लिहून द्या. मी सांगितलं की म्हणतो माहितीये.”

म्हणून आता लिहिते. हे पान फाडून त्याला देणार, नर्सबाई विचारतील तर सांगेन उंदराने खाल्लं.

टिल्लू, पाठ वरून खाली चोळायची, जोर लावून, आणि ती नको म्हणाली की हात त्याच क्षणी काढायचा, का म्हणून विचारायचं नाही. मशीनं असतील तिथे पुष्कळ, एकालाही हात लावायचा नाही. नळ गळत असला तर गळू दे. चादर ओली झाली की लगेच बदलायला सांग, लाजू नकोस, खाली चादरींचे ढीग असतात, मला माहीत आहे. आधी काहीतरी खाऊन जा, पण तिच्यासमोर खाऊ नकोस. विनोद करू नकोस, तुझे विनोद एरवीही चालत नाहीत. ती तुला वाटेल ते बोलेल, माझंही नाव घेईल, ते सगळं तिथेच सोडून यायचं. पाणी प्यायला जायचं तर आता जाऊन ये, नंतर नाही. आणि बाळ आलं की खोलीतले सगळे बाळाकडे वळतील, डॉक्टर, नर्स, सगळे. तू वळायचं नाही. तू हिच्याकडेच बघत राहायचं. बाळाकडे बघायला मी आहे.